माझे केशकर्तनालय व माझे दीर यांची व्यवस्था

मी, शशिकला रंगनाथ कानवडे, वय ६४, राहणार मौजे जांभुळदरा, ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर, पूर्वी नर्स व आता केशकर्तनालयाची मालकीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. ती ठिकाणावर नाही असे माझे दीर आसाराम दहा वर्षे गावाला सांगत आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे पती हयात नाहीत. आम्हाला अपत्य नाही.

१. माझे दोन खोल्यांचे घर व रस्त्याकडेचे दुकान, आतील दोन खुर्च्या, आरसे व वस्तऱ्यांसह, पंकजा अजिनाथ दहिफळे हिला द्यावे. ती माझ्यासोबत संगमनेरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती व आज दुसऱ्या खुर्चीवर काम करते. दुकान कसे झाले ते लिहिते, कारण आसाराम वेगळे सांगतील.

ऑपरेशनआधी पेशंटचे केस काढण्याचे काम आम्हा दोघींकडे असे. सुट्टीच्या दिवशी मी घरोघर जाऊन ड्रेसिंग करी. गोरक्षनाना नावाचे एक वृद्ध मांडीचे हाड मोडून सहा महिने अंथरुणाला खिळले होते. पाठीच्या जखमांच्या वासामुळे सलूनवाला घरात पाऊल टाकीना. मी ड्रेसिंग उरकून त्यांची दाढी केली, केस कापले. नानांनी आरसा मागितला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "सिस्टर, मी अजून हाय की."

मग गावोगावची बोलावणी येऊ लागली. दवाखान्याच्या मालक डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून, नर्सने असले जोडधंदे केल्यास दवाखान्याचे नाव जाते, असे समजावले. ते स्वतः मंगल कार्यालय चालवीत. एकोणतीस वर्षांची नोकरी मी त्याच आठवड्यात सोडली. मागोमाग पंकजानेही सोडली.

दुकान उघडले त्या दिवशी आसाराम आले.

"वहिनी, बाईमाणसानं गड्याच्या तोंडाला हात लावायचा? कानवड्यांचं नाक कापलं तुमी."

मी म्हणाले, "एकोणतीस वर्षं गड्यांच्या लघवीच्या नळ्या बदलल्या, भावजी. तवा पगार घरात येत हुता, म्हून नाक जागेवर हुतं."

त्यांनी गावाला दुकानात येऊ दिले नाही. पहिला महिना पंकजा व मी एकमेकींची वेणी घालत बसलो. मग उसाचे ट्रॅक्टरवाले थांबू लागले, आणि त्यांच्यामागून गावही आले.

२. दवाखान्याने निरोपाला दिलेली 'सेवाव्रती' अशी ढाल दवाखान्यास परत करावी. तिच्यावर माझे आडनाव चुकले आहे.

३. तीन वर्षांपूर्वी आसाराम यांना अर्धांगवायू झाला. तोंड वाकडे झाले, लाळ गळे. दाढी वाढून छातीवर आली. मुलगा सुनील मला बोलवायला आला, तोही मागच्या दाराने. पाच महिने दर आठवड्याला मी त्यांची दाढी केली, केस कापले. सून अश्विनी पाण्याचे भांडे धरून उभी राही. चालू लागल्यावर आसाराम यांनी पारावर सांगितले की दाढीला संगमनेरचा कारागीर घरी येत होता. अश्विनीने भर पारावर म्हटले, "मामा, काकू येत हुत्या." त्याबद्दल तिने घरात काय सोसले ते मला माहीत आहे. माझी बोरमाळ अश्विनीला द्यावी.

४. माझ्या पतीच्या हिश्शाची वीस गुंठे जमीन, जिच्यावर आसाराम यांचा जीव आहे, ती त्यांना मिळावी. मात्र एका अटीवर. माझ्या दहाव्याचे मुंडण त्यांनी माझ्या दुकानात, रस्त्याकडच्या खुर्चीवर, दिवसाढवळ्या, पंकजाच्या हातून करून घ्यावे. दार उघडे असावे. त्यांनी नकार दिल्यास जमीन अश्विनीच्या एकटीच्या नावे व्हावी.

५. पंकजास सूचना: ब्लेड नवे घे. त्यांची मान डावीकडे वळत नाही, तेव्हा खुर्चीच फिरव. डाव्या कानामागे केसांत चामखीळ आहे, तिथे सावकाश. ती कोणाला दिसत नाही.

हे मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले व साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण: संगमनेर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

सही: शशिकला रंगनाथ कानवडे

साक्षीदार:
१. कानिफनाथ भिकाजी गुंजाळ, निवृत्त तलाठी
२. मुमताज रज्जाक शेख, नर्स