सतरा नंबरचा पाना

२४ सप्टें. २००६, रविवार. वसमत.
काल घट बसले. आज सकाळी साखऱ्याहून फोन. आमच्या लेकीचे, रेखाचे, सासरे मारोतराव. ते फोनवर कमी बोलतात, समोर त्याहून कमी.
"मिस्त्री, सूनबाईचा सातवा सरत आला. दसऱ्याला न्या तिला. पण एस.टी.नं न्हाई. अन् त्या गाडीनं तर..."
मीच म्हणालो, आमच्या गाडीचे पुढचे, धक्के झेलणारे दोन्ही शॉकअप नवे टाकतो, स्वतःच्या हातानं, दसऱ्याच्या आत. "बरं" म्हणाले. त्यांचं बरं म्हणजे बरं नसतं.

८ तारखेला आठवा लागतो. आठव्यात लेकीला हलवत नाहीत, त्यांच्यातही नाही आणि आमच्यातही नाही. म्हणजे दसरा, फार तर ७ तारीख. ती चुकली की बाळंतपण तिकडेच. सौ.ने दुपट्यांसाठी जुनी लुगडी धुवून ठेवली आहेत. दिवसभर त्यांच्याच घड्या घालत होती.

२६ सप्टें.
नांदेडहून शॉकअपची जोडी आणली. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, काय हाय वो एवढं जड? म्हटलं, लेकीच्या बाळंतपणाचं सामान. ती हसली. मला काही हसू आलं नाही.

गेल्या वर्षी श्रावणात रेखाला याच गाडीतून आणली होती. तिसरा महिना. रस्ता कसला, नुसते खड्डे. दुसऱ्या दिवशी दवाखाना. गेलं. डॉक्टरीणबाईंनी चारदा सांगितलं, धक्क्यांनी असं होत नसतं, कुणी मनाला लावून घेऊ नका. मारोतराव दवाखान्याबाहेर गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत उभे होते.
मीही बघत होतो. शॉकअप गळत होते, रॉडवरून तेल खाली आलेलं. मला दोन महिने आधीपासून माहीत होतं. आज करू, उद्या करू.
हे कुणाला सांगितलेलं नाही. इथेच लिहितोय.

२८ सप्टें., गुरु.
शॉकअपभोवती जी जाड स्प्रिंग असते ती दाबून धरल्याशिवाय वरचा नट सोडायचा नाही. सोडला तर स्प्रिंग सुटून छातीत बसते. आमच्या एस.टी.च्या डेपोत एकाचे पुढचे चार दात असेच गेले. नंतर तो शिट्टी वाजवल्यासारखा बोलायचा आणि आम्ही हसायचो, हलकट लेकाचे.

दाबायचं यंत्र घरी नाही. लोहाराकडून दोन लांब बोल्ट आणि चार आकडे करून घेतले. आज अंगणात आधी जुन्या स्प्रिंगवर करून बघितलं. एकदा इकडचा अर्धा फेरा, एकदा तिकडचा. एक आकडा बोटभर सरकला. बंडूला मागे ढकललं आणि घरात हाकललं. तेवीस वर्षांचं पोरगं, कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवतो. त्याला वाटतं सगळं एका बटणावर होतं.
निवृत्त होऊन दोनच वर्षं झालीत. एकतीस वर्षांत माझ्या हातून काही असं सरकलं नव्हतं.

३० सप्टें., शनि.
उजवी बाजू दुपारी झाली. शॉकअप बसला, खालचे दोन नट आवळले, त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. ही डेपोची सवय. पूर्ण आवळलेल्या नटावर ठिपका द्यायचा, ठिपका नाही तर चाक चढवायचं नाही. बंडूला लहानपणापासून पाठ आहे.

डावी बाजू संध्याकाळी हातात घेतली. स्प्रिंगने जीव काढला, पण बसली. वरचे नट झाले. खालचे दोन हातानेच लावले, सतरा नंबरचा पाना घ्यायला वळलो तर सौ. टोपलं घेऊन उभी.
"द्या सगळे पाने. धुवायचेत. उद्या खंडेनवमी."
"दोन नट राहिलेत गं, पाच मिनिटं."
"तुमचे पाच मिनिटं मला ठाव हायेत. उजाडायच्या आत मांडायचेत. दसऱ्याला सकाळी घ्या की."
भांडलो असतो. पण पाठ धरली होती. आणि या वर्षी देवाचं काही चुकू नये, असं मलाही वाटत होतं. खोटं कशाला लिहू? दिले.

१ ऑक्टो. खंडेनवमी.
पाने, हातोडे, लोहाराचे आकडे, सौ.ची विळी, सगळं पाटावर. हळदकुंकू, झेंडू. आज कशालाच हात लावायचा नाही.
मग गाडीची पूजा. डावं चाक काढलेलं, गाडी लोखंडी घोडीवर टेकवलेली. सौ.ने ब्रेकच्या तबकडीवर हळदीची पाच बोटं ओढली! ओरडलो, ब्रेक लागायचा कसा? फडक्याने पुसून काढली. ती फुगून आत गेली. अजून कुठे कुठे लावली ते बघितलं नाही. जेवण होतं, पुरण होतं, डोळ्यांवर झोप होती.
उद्या : पूजा उचलली की दोन नट, ठिपका, चाक. नऊला निघायचं. बंडूला सांगितलं, "डावीकडचा ठिपका बघ, मगच चाक चढव." म्हणाला, "व्हय आबा, ठाव हाय."

२ ऑक्टो. दसरा. स. ८.
बाजारातून फुलं आणि आपट्याची पानं घेऊन आलो. देवळात गर्दी, तास मोडला. अंगणात गाडी नाही.
शेजारच्या काकू म्हणाल्या, साखऱ्याहून बंडूच्या मोबाईलवर फोन आलता, दुपारी माणसं शिलंगणाला जातील, लवकर या म्हणून. बंडू अन् वैनी पावणेसातलाच गेले.
आनंद झाला आधी. वाटलं पोराने स्वतः नट आवळले, शिकला.
मग आत गेलो. पाटावर सतरा नंबरचा पाना जसाच्या तसा. त्यावर कालचं कुंकू वाळलेलं, झेंडूचं फूलही जागचं हललेलं नाही. चाकाचा पाना तेवढा गाडीच्या डिकीत असतो.
म्हणजे बंडूने पिवळं बघितलं. हळद बघितली त्याने.

८.१०
बंडूचा मोबाईल लागत नाही. कोपऱ्यावरच्या फोनवरून साखऱ्याला लावला. मारोतरावांनीच उचलला. ओठांवर आलं होतं सांगावं, सौ.चं औषध राहिलंय, मी घेऊन येतो, तोवर त्यांना थांबवा. कुणाला कळलं नसतं.
"गाडी आली की उभी करा. आत कुणी बसू नका. रेखा तर नाहीच. मी निघालो."
"काहून?"
"डावीकडचे दोन नट मी नुसते हातानं लावलेत."
मग, "गाडीत आत्ता कोन हाय?"
"माझी बायको आणि पोरगा."
"या," म्हणाले आणि ठेवला.

एस.टी.त लिहितोय, अक्षर असंच येणार. पाना पिशवीत. फूल काढायला विसरलो. कंडक्टर ओळखीचा निघाला. "मिस्त्री, दसऱ्याला पाना घेऊन कोनाकडं?" मी तिकिटाचे पैसे पुढे केले.
रस्त्याकडेचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक नाली बघतोय. औंढ्याच्या अलीकडे माणसं जमलेली. उठून उभा राहिलो. उसाच्या ट्रॅक्टरचं चाक रुतलं होतं. परत बसलो.
हिंगोली आली. गाडी कुठे दिसली नाही. हे चांगलं की

रात्री, परत वसमत.
सेनगावहून जीप मिळाली. दीडला पोचलो. गाडी लिंबाखाली उभी. सौ. ओट्यावर, बंडू गाडीपासून लांब उभा, जशी ती चावणार आहे. रेखा दारात. पोट चांगलं दिसायला लागलंय. मला एकदम रडू आलं. नाक शिंकरून चाकापाशी बसलो.
बंडू म्हणाला, "औंढ्यापासून डावीकडं कटकट येऊन राहिली होती आबा. मला वाटलं नवीन हाय, बसल."

चाक काढलं. त्या दोघांतला खालचा नट ढिला, पण जागेवर. वरचा सुटत सुटत शेवटच्या दोन आट्यांवर आलेला. दोन आटे! रेखाला घेऊन परत निघाले असते तर हिंगोलीपर्यंत तरी...
मारोतराव शेजारी उकिडवे बसले. सगळं बघितलं. मी एकेक नट आवळला, तेही.
"याला पिवळं लावलेलं हाय की," ते म्हणाले.
"ती हळद आहे. पूजेची."
त्यांनी बोटाने ती हळद खरवडली, बोट धोतराला पुसलं.

हात धुताना रेखा पाणी घालत होती. हळूच म्हणाली, "आबा, मी येते. तुमी चालवा, मी बसते मागं." मारोतरावांनी ऐकलं. "सूनबाई, आत व्हा." रागाने नाही म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "गेल्या खेपंला मी कायी बोललो न्हाई, मिस्त्री. आजबी बोलत न्हाई. पर आज पाठवत न्हाई."
सोनं दिलं घेतलं. आपट्याची पानं पिशवीत चुरगळली होती. तिघंच परत आलो. गाडी मऊ चालते आता, पोटातलं पाणी हलत नाही.

३ ऑक्टो.
सौ. जेवली नाही. "माझ्या हळदीनं झालं," हे सकाळपासून दहा वेळा.
म्हटलं, हळदीचं काही नाही. हाताने लावलेला नट सोडून मी झोपलो कसा? एकतीस वर्षं पोरांना शिव्या दिल्या याच कामासाठी. आणि त्याच भरात ते गेल्या वर्षीचंही बोलून गेलो. की शॉकअप गळत होते, मला माहीत होतं.
ती घडी घालत होती, थांबली नाही. "मला ठाव हाय," म्हणाली. "तवापासून तुमी त्या चाकाकडं बघतच न्हवते."
वर्षभर हिला माहीत होतं. आणि वर्षभर मला गरम भाकरी वाढत होती. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, उगीच, बराच वेळ.

४ ऑक्टो.
दोन्ही बाजू पुन्हा सोडून पुन्हा आवळल्या. बंडूला पाना दिला, एकेक नट त्याच्याकडून, मग माझ्याकडून. पिवळ्या रंगाचा डबा फेकला. पांढरा आणला.
साखऱ्याला फोन केला. विहीणबाई म्हणाल्या, ते शेळ्यांमागं गेलेत. संध्याकाळी परत केला. अजून शेळ्यांमागंच.

५ ऑक्टो., गुरु.
दुपारी दारात मारोतराव! फोन नाही, निरोप नाही, तीन गाड्या बदलून आले. सौ.ची धांदल. चहा घेतला नाही. म्हणाले, "एक तांब्या द्या, पानी काठोकाठ भरून."
तांब्या घेऊन गाडीत पुढे बसले, डावीकडे. तांब्या मांडीवर, दोन्ही हात मांड्यांवर, त्याला धरायचं नाही.
"चाला. सिद्धेश्वरच्या धरनापोतर अन् माघारी."

डेपोत ड्रायव्हरची परीक्षा घ्यायचो तेव्हा मी असाच शेजारी बसत असेन. बिचारे. गावातले गतिरोधक, साखर कारखान्याच्या ट्रकांनी खणलेला रस्ता, औंढ्याच्या वळणाची खडी. मी रस्ता बघू की तांब्या? ते दोन्हीकडे बघत नव्हते. डोळे मिटून, मान थोडी डावीकडे, चाकाचा आवाज ऐकत होते. शेळी पोटात दुखणं लपवते तेव्हा हे असेच ऐकत असतील.

धरणावर उतरलो. पाणी बरंच होतं. एक मच्छीवाला जाळं वाळवत होता. मारोतरावांनी धोतराचा ओला भाग पिळला. फार नव्हता. गेल्या वर्षीचं मी तिथेच सांगितलं. शॉकअप, तेल, दोन महिने. का सांगितलं माहीत नाही. सौ.ला सांगून बसलो होतो, आता आत ठेवायला जागाच उरली नव्हती.
ते पाण्याकडे बघत राहिले. "डाक्टरीन म्हनली व्हती, धक्क्यानं न्हाई झालं," म्हणाले.
"व्हय."
"तुमाला पटलं व्हतं?"
"नाही."
"मलाबी न्हाई."
परतीच्या वाटेत तांब्या तसाच मांडीवर. घरी आल्यावर उरलेलं पाणी त्यांनी तुळशीला घातलं. किती उरलं होतं ते मला दिसू दिलं नाही.

स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून थांबले.
"तो पाना कुठं हाय? त्या दिशीचा."
पिशवीत होता, दसऱ्यापासून माझ्याच खांद्याला आहे ती पिशवी. दिला. त्यांनी हातात तोलून बघितला. उपरण्यात गुंडाळला.
"आवळायला कोनीकडं फिरवायचा?"
त्यांचं मनगट धरून दाखवलं. उजवीकडे. दोनदा फिरवून बघितला हवेत. कंडक्टरने घंटी मारली.
पाठवणार का, विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे, धीर झाला नाही.

६ ऑक्टो., शुक्र.
उद्या शेवटचा दिवस. पहाटे पाचला निघतो. मी चालवणार, सौ. मागे, दोन उशा आणि एक गोधडी. परत येताना लागेल म्हणून. बंडूने गाडी धुवून ठेवली.
साखऱ्याहून फोन नाही. मीही केला नाही.
झोपायच्या आधी पान्यांचं खोकं तपासलं. सवय. सोळा आहे, अठरा आहे. मधली जागा रिकामी, सतरा साखऱ्याला मारोतरावांकडे. नवा पाना आणता आला असता, बाजार सात वाजेपर्यंत उघडा होता. आणला नाही.