मधेच अडवलेली हाक

मंगळवार, संध्याकाळ

पल्लवीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. काटोलच्या संत्रा व्यापाऱ्याची वेबसाइट आम्ही दोघांनी मिळून बनवली. संत्र्यांची गाडी रद्द झाली की वेबसाइटच्या माझ्या पानावरून तशी हाक, म्हणजे सूचना, सुटते, आणि पल्लवीचा भाग ती ऐकून संत्री निवडणाऱ्या बायांना 'आज येऊ नका' असा मेसेज पाठवतो. आज गाडी रद्द झाली, पण मेसेज गेलाच नाही. बाया घरची कामं टाकून आल्या आणि दुपारपर्यंत नुसत्या बसून राहिल्या.

आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "पल्लवी, काहून ऐकलं नाही तुह्या भागानं?"

ती बिचारी स्क्रीनवर कोड वर-खाली करत राहिली. ऐकणार काय, कपाळ माझं? मेसेज दोनदोनदा जातात म्हणून मागच्या आठवड्यात मीच एक ओळ टाकली होती: ही हाक इथेच थांबव, पुढे जाऊ देऊ नको. ते मला तिथेच आठवलं. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? मी चहा पीत बसलो.

मीटिंगनंतर ती ओळ गुपचूप काढली. लगेच पल्लवीचा फोन.

"टेस्टचे मेसेज जाऊन राहिले! तू काही केलं का गा?"

ती ओळ अगदी जिभेवर आली होती.

"नाही वं. तूच काहीतरी बदललं असशील."

"असन. साहेबांले सांगून टाकते, चूक माहीच होती."

मी "बरं" म्हणालो.