येते की जाते

हडपसर, पुणे

चि. शकू,

ताईचे आशीर्वाद. फोनवर बोललं की तिथे तुझ्याकडे ह्यांना ऐकू जातं, म्हणून लिहिते आहे.

तेजस आणि आपली जर्मन सून काल जर्मनीला गेली. मी इथलं घर रिकामं करून महिनाअखेरीस तुमच्याकडे येते. ह्यांना भाकरी दुधात कुस्करून देतेस ना? नाहीतर जेवत नाहीत.

निघताना दोघांच्या हातावर दही ठेवलं. तेजस "येतो आई" म्हणाला. क्लारा नीट वाकून पाया पडली आणि म्हणाली, "जाते, आई."

मला हसू आलं. म्हटलं, "जाते म्हणू नये बाई, येते म्हणावं."

ती गोंधळली. "पण आम्ही आता तिकडेच राहणार. मग येते कसं म्हणू?"

आपल्याला तर दोनच वर्षं सांगितली होती. तेजस खाली वाकून बुटांशी चाळा करत राहिला. नाड्या नसलेल्या बुटांना कसली गाठ मारत होता, कोण जाणे.

तिचा राग नाही गं. तिला आपलं खोटं बोलायला अजून जमत नाही, एवढंच.

ह्यांनी विचारलं तर सांग, दोघंही "येतो" म्हणाली.

तुझी,
ताई