तुमच्या जागी कोण?

अहो,

लग्नानंतर तुम्हाला पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. आज लिहिते आहे, कारण उद्या सकाळी युनियनचे कदमभाऊ कागद न्यायला येणार आहेत. त्यावर कुणाचं नाव घालायचं, हे विचारायला घरात तुम्ही नाही.

कागद तुमच्या जागेचा आहे. कामावरचा माणूस गेला की कंपनी त्याच्या घरातल्या एकाला घेते. किती घरांचं हे तुम्हीच येऊन सांगायचात! आपलीही पाळी येईल, असं कधी मनात आलं होतं का हो?

सगळ्यांनी आपल्या नंदाचंच नाव धरलंय. निघोज्याहून तुमचे भाऊ आले होते. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "वहिनी, कंपनीची जागा हाय, पुन्हा मिळायची न्हाई. पोरीला फोनच्या बोर्डावर बसवत्यात म्हणं. सावलीतलं काम. कॉलेजात काय ठेवलंय?"

नंदा आतून म्हणाली, "काका, मला फोन नको. मला कारखान्यांचे हिशेब तपासायचेत."

"आधी भाजीवालीचा हिशेब तपास!" भाऊजी म्हणाले.

हसू मलाही आलं.

तुम्हाला ठाऊक नाही, कॉमर्सचं पहिलं वर्ष सुरू झालं आणि ही एकटीच चिंचवडगावातल्या एका सीएंच्या ऑफिसात गेली. सायकलच्या दुकानावर एवढीशी खोली. साहेब म्हणाले, "मी शिकवायचं आणि तू लग्न करून जायचं, असंच ना?" ही म्हणते, "सर, तुमच्याकडचे मागचे दोघे कुठे लग्न करून गेले? बँकेतच गेले ना?" मोठ्या माणसांशी असं बोलावं का! पण ते हसले आणि बस म्हणाले.

आता कॉलेज सुटलं की ती त्यांच्या माणसांबरोबर भोसरीच्या कारखान्यांत जाते. बसभाड्यापलीकडे हातात काही पडत नाही. परवा एकाच पत्र्याची दोनदा लावलेली बिलं तिनं पकडली. सांगताना तिचा चेहरा अगदी तुमच्यासारखा झाला होता, अडून बसलेलं मशीन सुरू करून यायचात ना, तसा.

ती सीए होईल का? मला खरंच माहीत नाही. जागा सोडली तर कंपनीच्या कॉलनीतली ही खोलीही जाईल. आणि जागा घेऊन ती बोर्डावर बसली, तर पुन्हा उठणार नाही. घरासाठी थांबलेली बाई कुठे पुन्हा निघते? मी निघाले का?

आठवतं? माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी ऐकून टेलिफोन एक्स्चेंजनं मला बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, "माझ्या बायकोचा आवाज गावभर कशाला?" तेव्हा तो लाड वाटला. अलीकडे मात्र ते वाक्य टोचतं. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगू?

काल कदमभाऊंना सहज विचारलं, "घरातला एक म्हणजे मुलगा किंवा मुलगीच का?"

ते गोंधळले. "तसं नाही वहिनी. नियमात तर बायकोचं नाव पहिलं. पण या वयात कोण मागतंय?"

"बोर्डावर इंग्रजी लागतं?"

"लागतं तर! त्याचीच अडचण आहे."

इतकी वर्षं कॉलनीतली प्रत्येक बाई मुलांचंच नाव पुढे करत आली. मीही तेच करत होते, पाहा!

भीती वाटते हो. गुडघे दुखतात. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये सगळे तुमचे दोस्त, त्यांच्यात मी कुठे बसू? वय बघून साहेबांनी नाही म्हटलं तर? भाऊजी तर घरी यायचेच बंद होतील. नंदाला अजून बोलले नाही. ती नको म्हणाली, तर माझा उरलासुरला धीरही जाईल.

पण कागदावर माझं नाव लिहून झालंय.

घेतलं त्यांनी, तर डबा तुमचाच नेईन. आणि नंदा स्वतःच्या नावाची पाटी लावेपर्यंत ती खुर्ची सोडणार नाही, हा माझा शब्द.

तुमच्या बायकोचा आवाज आता कंपनीभर जाणार आहे. तुमच्यापर्यंत पोचला, तर या खेपेला अडवू नका.

तुमची,
मालती