गोपिकाबाईची साक्ष

६ जानेवारी २०२५, अंबड

पंचवीस दिवस, मग न्यायाधीशपदावरून निवृत्ती! आणि शेवटी वाट्याला काय, तर हा खून.

मेंढपाळाचं घर. थोरला रामकिसन मेंढ्यांच्या कुंपणात मेला, डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. धाकटा अंगद रक्तानं भरलेल्या सदऱ्यात तिथंच बसलेला. पळाला नाही. तिथं तिसरं माणूस एकच — त्यांची आई, गोपिकाबाई. अंगद चौदा महिने तुरुंगात आहे.

७ जानेवारी

गोपिकाबाईची साक्ष. पोलिसांना म्हणाली होती, दोघं भांडत होते. आज — "म्या काय बी पाह्यलं न्हाई."

सरकारी वकील भडकले. साक्षीदार फितूर म्हणून उलटतपासणी सुरू केली. "पोटचा मुलगा गेला तुमचा! कुणी मारलं?"

"माहीत न्हाई."

मी म्हणाले, "गोपिकाबाई, पाणी घ्या. घाबरू नका. खरं तेवढंच सांगा."

टक लावून पाहिलं माझ्याकडं. "साहेब, एक गेला. दुसरा तरी घरी येऊ द्या."

तेही लिहून घ्यायला सांगितलं. दुसरं काय करणार!

८ जानेवारी

अंगदला विचारलं, काही सांगायचंय? "न्हाई." सदऱ्यावर रक्त कसं? "भावाला उचलाया गेल्तो." बास.

१२ जानेवारी

रविवार. हे जालन्याहून आले. मी केसबद्दल घरात बोलत नाही, पण सत्तावीस वर्षांत यांना माझा चेहरा वाचता येतो. "अरुंधती, पुढची तारीख दे. नवीन येणारा बघून घेईल."

देता येईल. पण तोवर पोरगा आतच! आणि मला तर वाटतं — मारलं त्यानंच. आई लपवतेय. वाटण्यावर निकाल देता येत नाही.

परतूरला पहिली नेमणूक झाली तेव्हा बाबांना ऐटीत म्हणाले होते, "माझ्यासमोर कुणाचं खोटं टिकायचं नाही." ते कोर्टात कारकून होते. नुसते हसले. आज कळतंय का हसले! माझ्यासमोर खोटं रोज टिकतं. मी समोरच बसलेली असते.

१७ जानेवारी

निकालाचा मसुदा सांगायला बसले. दोन ओळी झाल्या, त्या खोडायला लावल्या; पुन्हा दोन, त्याही. लघुलेखक सुमेधा बोटं टेकवून थांबून राहिली. "मॅडम, उद्या करू का?"

२४ जानेवारी

सोडलं. कुऱ्हाडीवर ठसे नाहीत, पाहणारं कुणी नाही. संशयाचा फायदा.

अंगद जागचा हलेना. पट्टेवाल्यानं खांद्यावर हात ठेवला, "अरे, सुटलास! जा घरी." गोपिकाबाई रडली नाही, हसली नाही. लांबूनच हात जोडले. मला राग आला तिचा! एका पोराचा खून पचवला बाईनं. आणि मी सही करून तो पचवू दिला.



३१ जानेवारी

हार गळ्यात, फोटो चाललेले, तेवढ्यात सरकारी वकील जवळ आले. गोपिकाबाई सकाळपासून ठाण्यात जाऊन बसलीय. म्हणते — "थोरला दारू पिऊन धाकट्याचा गळा दाबून राह्यल्ता. कुऱ्हाड म्या घातली. अंगद सुटायची वाट पाहात होते. आधी बोलले असते तर तुम्ही दोघांलाबी आत टाकलं असतं."

खरंय. टाकलंच असतं.