सुदेशने वाचलेली चिठ्ठी

मी, केशरबाई सीताराम पालव, वय अंदाजे एकोणऐंशी, पूर्वीचा धंदा पोळ्या लाटणे, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र तोंडाने सांगते आहे आणि वकील निशाताई लिहून घेत आहेत. मला अक्षर येत नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी आजचा वार विचारला, मी वारासोबत कांद्याचा भावही सांगितला. कोणी दबाव आणलेला नाही. आणणाऱ्याची मजा बघायला मला आवडलं असतं.

१. दुसऱ्या मजल्यावरची खोली मी पोळ्यांच्या कमाईतून घेतली, ती माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती धाकटा मुलगा कै. संदेश याची विधवा प्रियांका हिला पूर्ण मालकीने द्यावी. थोरला मुलगा सुदेश तिथे राहतो. त्याने माझ्यामागे तीन महिन्यांत ताबा सोडावा. पंखे खोलीचे आहेत, त्याचे नाहीत.

२. कारण असे. २०१४ साली संदेश मला न विचारता बायकोला घेऊन कोलशेतला भाड्याने राहायला गेला. मी धुमसत होते. गणपतीआधी प्रियांकाची माझ्या नावाने चिठ्ठी आली. सुदेशने ती घडाघडा वाचली: "माझा पहिला ओवसा मी माहेरच्या गौरीला देईन. तुमच्या पिठाळ हातांपुढे मी वाकणार नाही." नव्या सुनेने भरलेली सुपं सासरच्या गौरीपुढे ओवाळायची, तो ओवसा, ही आमची कोकणातली रीत. तीच मोडली म्हटल्यावर मी पेटले. चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली, कारण रागालाही पुरावा लागतो. २०२१ ला संदेश काविळीने गेला. मी कोलशेतला गेले नाही.

३. सोन्याच्या दोन पाटल्या थोरली सून सोनल हिला. ही सुरतेत वाढली, मराठी अक्षराला अक्षर जोडून वाचते. गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या साफसफाईत तिला चिठ्ठी सापडली. मीच म्हटलं, वाच गं, त्या शिव्या पुन्हा ऐकू दे. तिने बोट ठेवून वाचलं: "आई, माझा पहिला ओवसा आहे. पाच सुपं घेऊन येते. हे म्हणतात, आई चिडल्यात. तुम्ही फक्त दार उघडा, बाकीचं मी निभावेन." खोटं वाचायला वेग लागतो, तो हिच्याकडे नाही. नवऱ्याने काय केलं हे तिला मध्येच उमगलं, तरी खालच्या नावापर्यंत वाचत गेली. पाटल्या त्याबद्दल. सुदेशला हात लावू देऊ नये.

४. सुदेशला मी विचारलं. म्हणाला, "आई, तुझ्या भल्यासाठीच तसं वाचलं." मी म्हटलं, खोलीच्या भल्यासाठी म्हण. त्यावर त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. त्याला ती चिठ्ठी द्यावी. तेराव्याला पंगत बसण्याआधी त्याने ती सगळ्या नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावी, सोनलने शेजारी उभं राहून ओळीवर बोट धरावं. वाचली, तर गावची माझ्या नावावरची हापूसची दोन झाडं त्याची. एक शब्द बदलला, तर झाडंही प्रियांकाची. चष्मा विसरलो म्हणाला, तर शेजारच्यांचा आणावा, पण पंगत थांबवून ठेवावी. भूक लागलेली माणसं नीट ऐकतात.

५. पोळपाट-लाटणं रसिकाला, जिच्या पोळीभाजी केंद्रात मी सव्वीस वर्षं लाटलं. तिच्या पाटीवर 'साजूक तूप' लिहिलंय म्हणतात. मला पाटी वाचता येत नाही, डबा ओळखता येतो.

६. प्रियांकावर कसलीही अट नाही. दिवस घालायला, फोटोला हार घालायला तिला बोलावू नये. मी गेल्या मार्गशीर्षात चिठ्ठीचं खरं सांगायला तिच्याकडे गेले होते. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आई, आता काय वाचून घ्यायला आलात?" मी पाणी पिऊन निघाले. खोली म्हणजे माफीची किंमत नव्हे. तिने ती विकावी, भाड्याने द्यावी, कुलूप लावून गंजू द्यावी.

७. शेवटचं, आणि हे गाळू नये. त्या वर्षी गौरीच्या दिवशी प्रियांका आलीच. जरीची साडी, डोक्यावर पाच सुपं. संदेश खाली जिन्यापाशी उभा. मी म्हटलं, "माहेरची गौर बुडाली काय गं?" तिला काही कळलं नाही. मी दार लावलं. येणार नाही असं जिने लिहिलं, ती आली कशी, हे मी विचारलं नाही. समोरच्या घरात सातवी शिकलेली बाई होती, तिच्याकडून चिठ्ठी पुन्हा वाचून घेतली नाही. सुदेश खोटं बोलला, पण ते मला हवं होतं म्हणून चाललं. सुपं ओळखायला अक्षर लागत नाही. पोराला मी मुकले ते अडाणी होते म्हणून नव्हे.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांनी केशरबाईंना वेगवेगळा वाचून दाखवला. पाण्याच्या पंपावरून या दोघांचे चार वर्षे बोलणे नाही, म्हणूनच त्यांनी दोघांना निवडले. श्री. पोपट गावडे यांनी कलम सात वाचले नाही. दुसऱ्या वाचनात ते आल्यावर केशरबाईंनी गावडे यांना परत बोलावले. ते म्हणाले, "आजी, तुमच्या भल्यासाठीच गाळलं. या वयात कशाला ऐकायचं ते?" केशरबाई म्हणाल्या, "सुदेशही हेच म्हणाला होता. वाच." त्यांनी ते दोनदा वाचले.

डाव्या अंगठ्याची निशाणी: केशरबाई सीताराम पालव

साक्षीदार: १. पोपट गावडे (सही) २. महेंद्र कांबळे (सही)

डोंबिवली, दि. ८ नोव्हेंबर २०२५