बी विंगमधली वायुगळती

बोईसर, मे महिन्याचा शेवटचा रविवार

ती. नलूताईस,

हेमांगीचा नमस्कार. वामनभावजींनाही, कारण हे पत्र तेच तुला मोठ्याने वाचून दाखवत असणार. (भावजी, कंसातलं गाळू नका. तिला कळतं.)

तुला ती दुपार आठवते का? मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून मेच्या सुट्टीला माहीमला आले होते आणि आपण दोघी ओट्यावर मांदेली निवडत बसलो होतो. विशेष काही घडलं नव्हतं. तू खवल्यांचे हात माझ्या इस्त्रीच्या फ्रॉकला पुसलेस, मी भोकाड पसरलं, आणि आई मान वर न करता म्हणाली, "रडायचं हाय तर बरणीत रड, मीठ कमी हाय." बाईचं नाव साखरबाई आणि जन्म सगळा मिठात गेला.

तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "बरी" म्हणशील आणि भावजी मागून मान हलवतील. इस्पितळातून आल्यापासून तुला प्रत्येक घास ओल्या खडूसारखा लागतो आणि दिवसाकाठी चार चमचे पेजेवर तू भागवतेस, हे त्यांनी मला फोनवर सांगितलंय. त्याच फोनवर तू म्हणालीस, आईच्या हातचं कोलंबीचं कालवण असतं तर जेवले असते. तू सहज बोललीस. मी ते सहज ऐकलं नाही.

कालवणात आई शेवटी एक चमचा काय घालायची, ते आपल्या दोघींखेरीज आता कुणाला ठाऊक नाही. मांदेली आणि मीठ बरणीत दाबून महिनोन् महिने ठेवायचं, मासळी विरघळली की वर सुटलेलं तांबूस पाणी गाळून घ्यायचं. आई त्याला नुसतं "पाणी" म्हणायची. (त्यामुळे एकदा पाहुण्या आलेल्या मास्तरांचं काय झालं, ते भावजींना तूच सांग.) तुझा भाचा सुजीत म्हणतो, मुंबईत हेच पाणी परदेशी नावाने बाटलीत मिळतं, मी आणतो. मी म्हटलं, माझी रीत पाठ आहे, तू फक्त खडेमीठ आण. मापी पेला घेतला, तीन भाग मासळी, एक भाग मीठ, आणि बरणी गॅलरीत मांडली.

आता झालं ते असं. आई बरणीच्या तोंडाला फडकं बांधायची, मला ते गबाळं वाटलं. सिस्टर फिलोमिनांनी गृहविज्ञानाच्या तासाला झाकणाविषयी जे शिकवलं ते अंगात इतकं भिनलंय, की मी प्लास्टिकचे चार थर घातले आणि वरून सुतळी आवळली. मासळी बिचारी आत फुगत राहिली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी दळण टाकायला गेले असताना प्लास्टिक फाटलं आणि पाणी गॅलरीतून खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या हेतलच्या वाळत घातलेल्या चादरींवर उतरलं. हेतल शुद्ध शाकाहारी. तिला हा वास ओळखीचा असण्याचं कारणच नाही. तिने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "कंपनीतून गॅस सुटला आहे."

बोईसरमध्ये असं वाक्य कुणी तपासत बसत नाही. मी परतले तर अख्खी इमारत ओले रुमाल नाकाला लावून फाटकापाशी उभी, आणि मधोमध आमच्याच इमारतीतले विक्रम. ते तारापूरच्या एका रसायनांच्या कंपनीत सुरक्षा अधिकारी, मूळचे सातारकडचे, पापभीरू माणूस. लोक त्यांना असं बोलत होते, जणू ते खिशात गॅस घेऊन फिरतात. ते शपथेवर सांगत होते की आज रविवार, कंपनी बंद आहे. शेवटी मुखवटा चढवून, हातात मोजणी यंत्र धरून ते जिना चढू लागले, आणि मी मागोमाग. माझ्या दारापाशी थांबले.

"काकू, वास तुमच्या घरातून येतोय."

"ती आईची आहे," मी म्हटलं. "हात लावू नका. दिवाळीपर्यंत तशीच ठेवायची आहे." (बरणी हा शब्द राहून गेला, तो नंतर लक्षात आला.)

त्यांनी मुखवटा काढला. अगदी हळू आवाजात विचारलं, "किती दिवस झाले?"

"एकोणीस."

"घरात कुणाला माहीत आहे?"

"सुजीतला. मीठ त्यानेच आणून दिलं."

विक्रम जिन्यावर बसले. मी त्यांना लिंबूपाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग बरणी दाखवली, तेव्हा ते इतके हसले की खालच्या लोकांना वाटलं, गॅस डोक्यात गेला. करंगळीचं टोक बुडवून चाखलंही, आणि म्हणाले, "काकू, पंधरा वर्षांत पहिल्यांदा वास आला आणि आमचं नाव नाही. एक बाटली ठेवा माझी."

सोसायटीने मात्र बरणी हलवायला आजच्या रविवारपर्यंतची मुदत दिली. सभेत मी ठामपणे बोलले. म्हटलं, खाण्याचं जन्मस्थान बघायचं नसतं. ताडीच्या मडक्यात मुंग्या असतात, सुका जवळा रस्त्याकडेला वाळतो आणि कुत्री त्यावरून चालत जातात, आणि हेतल, तुझं डोशाचं पीठ रात्रभर काय करतं असं तुला वाटतं? तेव्हापासून तिने डोसा केलेला नाही. तिचे यजमान माझ्याशी बोलत नाहीत. कडेला एक अळी दिसली होती, तिचा उल्लेख मी सभेत केला नाही. ती काढली. कडा मिठाने पुसली. फडकं बांधलं. बरणी उत्तम आहे.

तेव्हा तुमच्या मागच्या पडवीत, नारळांच्या सावलीत, तिला जागा होईल का? विचार करून सावकाश कळव.

तुझी,
हेमांगी

ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे कळलंच असेल. टेम्पोवाला धर्मेश बरणी घेऊन तुमच्या दारात उभा आहे. भावजी, वाचन थांबवा, आधी बरणी उतरवा. आडवी करू नका.

ता. क. २. रीत पाठ आहे असं वर लिहिलंय ना, ते तितकंसं खरं नाही. मी मेमध्ये मांदेली निवडायचे, जूनला वसतिगृहात जायचे, आणि दिवाळीला यायचे तेव्हा पाणी गाळून तयार असायचं. सुरुवात मला ठाऊक आहे आणि शेवट. मधले पाच महिने तू आईजवळ होतीस. ढवळायचं कधी, ऊन किती, फेस आला तर काय, हे मला माहीत नाही. शिवाय आई पेल्याने नाही, ओंजळीने मोजायची, आणि तिच्याएवढी ओंजळ तुझी आहे. मीठ कमी पडलंय असा मला संशय आहे. चव लागत नसेल तर वासावर सांग, पण दर रविवारी उठून पडवीत जायचं आणि तिच्याकडे बघायचं. दुसऱ्या कुणाला येणार नाही ते.

दिवाळीला गाळशील तेव्हा वाटणी अशी. एक बाटली विक्रमना. एक हेतलला, बाहेरून तीनदा धुऊन, कारण तिला ती उघडायची नाही, फक्त माहेरी दाखवायची आहे. छोटी बाटली सिस्टर फिलोमिनांना, त्या आता ब्याण्णव वर्षांच्या आहेत आणि झाकणाचं त्यांना सांगायचं नाही. गाळ नारळांना. भावजींना कालवणातलं जेवढं येईल तेवढं, वेगळी बाटली नाही, ते ती भजीबरोबर संपवतील. पहिली वाटी तुझी, ती कुणाला द्यायची नाही.

रिकामी बरणी धुऊन ओट्यावर ठेव. पुढच्या मेला मांदेली मी आणते. मीठ तू घाल.